खिळ्यांचे धनी : जावजी दादाजी

मुंबईच्या इतिहासात १८६४ हे साल कापसाच्या आणि शेअर बाजाराच्या वेडासाठी ओळखले जाते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि त्या तुटवड्यावर मुंबईतील पेढ्यांत रोज नवे लक्षाधीश जन्मत होते. पुढच्याच वर्षी हे सारे कोसळले. त्या धामधुमीच्या वर्षात पंचविशीतल्या एका छापखाना कामगाराने स्वतःची टाइप पाडण्याची फाउंड्री सुरू केली. तिच्यात तयार होणारा माल म्हणजे शिशाचे इवलेसे खिळे. शेअरच्या कागदांची रद्दी झाली, हे खिळे मात्र पुढे हिंदुस्थानभर गेले. या कामगाराचे नाव जावजी दादाजी चौधरी.

आज ‘निर्णयसागर’ म्हटले की जुन्या पिढीला पंचांग आठवते आणि संस्कृतच्या अभ्यासकाला काव्यमाला. जावजींची ओळखही बहुधा प्रकाशक म्हणूनच करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ते आधी अक्षरे घडविणारे होते, मग मुद्रक झाले आणि सर्वांत शेवटी प्रकाशक. हा क्रम लक्षात घेतल्याखेरीज त्यांच्या पुस्तकांचे मोल कळत नाही आणि आजच्या संगणकाच्या पडद्यावर मराठी शब्द नीट उमटण्यासाठी काय खटाटोप करावा लागतो, याचाही उलगडा होत नाही.

जावजींचा जन्म १८३९ मध्ये मुंबईतील एका गरीब कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि शाळेचे शिक्षण जेमतेमच झाले. कोवळ्या वयात ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपये पगारावर लागले. अमेरिकन मिशनऱ्यांनी हा छापखाना धर्मप्रसारासाठी थाटला होता आणि तिथून १८१७ पासून मराठी मजकूर छापून बाहेर पडत होता. तिथल्या टाइपविभागाची सूत्रे टॉमस ग्रॅहम यांच्या हाती होती. देवनागरी आणि गुजराती अक्षरे कोरण्यात त्यांचा हात उत्तम समजला जाई. मुंबईतील टाइपकामाची पहिली पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली, असे म्हणायला हरकत नाही.

जावजींच्या वाट्याला आलेले पहिले काम होते टाइप घासण्याचे. ऐकायला ते क्षुल्लक वाटते. पण ज्याने ते केले, त्याला छपाईचे मर्म कळले, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

धातूचा टाइप तयार होण्याची सुरुवात पोलादाच्या एका लहान दांडीपासून होते. तिच्या टोकावर कारागीर कानसेने आणि कोरणीने अक्षर उलटे कोरतो. याला पंच म्हणतात. कोरता कोरता तो दांडीचे टोक दिव्याच्या काजळीवर धरतो, कागदावर दाबून पाहतो आणि कुठे रेघ जाड राहिली, कुठे पोट भरले, हे तपासतो. पंच मनासारखा झाला की तो तापवून कडक करायचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात उमटलेला हा खोलगट ठसा म्हणजे मातृका. ती साच्यात बसवून वरून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस ओतला की एक खिळा तयार होतो. एका पंचापासून मातृका, आणि एका मातृकेपासून हजारो खिळे.

साच्यातून निघालेला खिळा मात्र लगेच छपाईला चालत नाही. त्याला खाली शेपूट असते, ते मोडावे लागते. बाजूंना धातूचे सूक्ष्म कंगोरे असतात, ते दगडावर घासून काढावे लागतात. इंग्रजी अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी राहतात, त्यामुळे घासण्यात केसभर फरक पडला तरी तो सहसा डोळ्यांत भरत नाही. देवनागरीत तसे नाही. तिथे प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर शिरोरेषा असते आणि शेजारच्या खिळ्याच्या शिरोरेषेला ती अखंड भिडावी लागते. एखादा खिळा किंचित जास्त घासला गेला तर ती रेषा वरखाली होते. कमी घासला गेला तर अक्षरांमध्ये फट पडते आणि शब्दाचा दात पडल्यासारखा दिसतो. दोन रुपयांच्या त्या नोकरीत दिवसभर खिळे घासणाऱ्या मुलाला पुस्तकातले संस्कृत येत नव्हते. पण ‘क’ची शिरोरेषा ‘म’च्या शिरोरेषेला कुठे भेटते, हे त्याच्या बोटांना ठाऊक झाले असणार.

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल या छापखान्यांत उमेदवारी केली. त्यांपैकी इंदुप्रकाश हे १८६२ मध्ये निघालेले सुधारकांचे पत्र. विष्णुशास्त्री पंडितांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. सुधारणेचे वाद त्या छापखान्यात रंगत होते, तेव्हा जावजींचे लक्ष बहुधा त्या वादांच्या छापील अक्षरांकडे होते. नोकरी बदलताना प्रत्येक ठिकाणी पगार वाढला, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक छापखान्याची अडचण सारखीच आहे, हे त्यांना दिसले. ती अडचण होती खिळ्यांची.

इंग्रजी मजकूर जुळविणाऱ्या जुळाऱ्यापुढे दोन तिरक्या पेट्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत लहान. इंग्रजीत मोठ्या आणि लहान लिपीला आजही अप्पर केस आणि लोअर केस म्हणतात, ते याच पेट्यांमुळे. दीडएकशे प्रकारच्या खिळ्यांत इंग्रजीचे सगळे काम भागे. देवनागरीचे तसे भागत नसे. स्वर आणि व्यंजने मिळून पन्नासच्या आसपास मूळ अक्षरे. त्यांवर काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, रफार. आणि मुख्य म्हणजे जोडाक्षरे. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’ ही तर रोजची. संस्कृत छापायचे म्हटले की ‘ङ्क’, ‘ञ्च’, ‘द्भ’, ‘ह्म’, ‘द्ध्य’, ‘ष्ट्र’ अशी फौजच उभी राहते. देवनागरीच्या चांगल्या संचात चारशे-पाचशे आणि त्याहूनही अधिक प्रकारचे खिळे असत. त्यांच्यासाठी तेवढेच खण लागत, पेट्या समोर आणि दोन्ही बाजूंना मांडाव्या लागत, आणि जुळारी त्यांच्यामध्ये उभा राहून हात फिरवीत असे. कोणते अक्षर कोणत्या खणात आहे, हे पाठ असणे हीच त्याची विद्या.

हस्तलिखितात ‘द्भ’ लिहायचा असेल तर लेखणी वळवली की झाले. छपाईत मात्र ते अक्षर खणात असावे लागते, आणि खणात असण्यासाठी कोणीतरी ते आधी पोलादात कोरलेले असावे लागते. नसेल तर जुळारी पाय मोडलेल्या ‘द्’ पुढे ‘भ’ ठेवणार आणि वाचकाला तसेच वाचावे लागणार. भाषेत काय छापता येईल, हे त्या काळी व्याकरणकारापेक्षा पंच कोरणारा जास्त ठरवीत होता.

यावर दोन उपाय होते. एक म्हणजे अक्षराचे तुकडे पाडायचे : मूळ अक्षर एका खिळ्यावर, वरची मात्रा दुसऱ्या छोट्या खिळ्यावर, खालचा उकार तिसऱ्यावर, आणि जुळाऱ्याने ते एकावर एक रचायचे. याने खिळ्यांचे प्रकार कमी होतात, पण जुळणी किचकट होते आणि छापताना सांधे उघडे पडतात. दुसरा उपाय म्हणजे ‘कु’, ‘कृ’, ‘के’ अशी जोडरूपे सबंध एकाच खिळ्यावर ओतायची. छपाई देखणी होते, पण खिळ्यांचे प्रकार आणि खर्च वाढतो. व्यवसायात या दोन रीतींना डिग्री आणि अखंड अशी नावे रूढ झाली. कोणत्या अक्षराचे तुकडे पाडायचे आणि कोणते सबंध ठेवायचे, याचा निर्णय घेणे हे टाइप पाडणाऱ्याचे खरे कसब होते.

जावजींच्या आधी हे प्रश्न कोणी हाताळले नव्हते, असे नाही. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यासाठी पंचानन कर्मकार यांनी अक्षरे कोरली होती आणि विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण तिथूनच १८०५ मध्ये निघाले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग शिळाछापावर काढले. शिळाछापात अक्षर हाताने लिहून दगडावर उतरवतात, त्यामुळे खिळ्यांची भानगडच नसते. त्या काळी मराठी पुस्तके या मार्गाने भराभर निघाली, याचे कारण तेच. चरबी मिसळलेली शाई सोवळ्यात चालत नाही म्हणून गणपत कृष्णाजी शाईत तूप वापरीत, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पण शिळाछापावरची चूक दुरुस्त करणे कठीण, आणि मोठा ग्रंथ पुन्हा छापायचा तर पुन्हा लिहिणे आले. ग्रंथ शेकड्यांनी आणि हजारांनी काढायचे तर धातूचे खिळेच हवे होते, आणि वाचकाची नजर तर हस्तलिखिताच्या घाटदार अक्षराला सरावलेली होती.

१८६४ मध्ये जावजींनी फाउंड्री काढली, तेव्हा त्यांना एक मोठा आधार लाभला. त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू हे पंच कोरण्यात वाकबगार होते. निर्णयसागर टाइप म्हणून जी अक्षरे पुढे नावाजली, त्यांच्या घडणीत राणोजींचा हात होता. छापखान्याच्या मालकाचे नाव मुखपृष्ठावर येते, संपादकाचे येते, टीकाकाराचे येते. पोलादावर महिनोन्महिने डोळे फोडणाऱ्याचे नाव पुस्तकात कुठेही येत नाही. राणोजींचे नाव जाणकारांच्या बाहेर फारसे पोचले नाही, ही या क्षेत्राची रीतच आहे. पण जावजींचे चरित्र राणोजींना वगळून लिहिणे अन्यायाचे होईल.

फाउंड्रीला जोडून १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. कोलभाट लेन, मुंबई हा त्याचा पत्ता पुढे संस्कृत ग्रंथांच्या असंख्य मुखपृष्ठांवर झळकला. स्वतःची फाउंड्री असलेल्या मुद्रकाला एक फायदा असतो. ग्रंथात नवे जोडाक्षर आले आणि खणात ते सापडले नाही, तर दुसऱ्या छापखान्याला पाय मोडून वेळ मारून न्यावी लागे. निर्णयसागरमध्ये त्याच छपराखाली नवा पंच कोरता येत होता. खिळे झिजले की नवे पाडता येत होते. जुन्या, बोथट झालेल्या टाइपावर पुस्तक ओढत नेण्याची पाळी येत नव्हती. निर्णयसागरची छपाई नेहमी टवटवीत दिसे, त्याचे मोठे कारण हे होते.

जावजींनी पंचांगापासून पुराणापर्यंत आणि शालेय पुस्तकापासून शास्त्रग्रंथापर्यंत सारे छापले. १८८१ मध्ये निघालेले ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक त्यांच्याच छापखान्यातले. विनायक कोंडदेव ओक यांनी ते कित्येक वर्षे चालविले आणि मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना विज्ञान, चरित्रे व कविता यांची गोडी लावली. वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली ‘काव्यसंग्रह’ या मालेतून मोरोपंत, वामन पंडित अशा जुन्या मराठी कवींचे काव्य टीपांसह वाचकांपुढे आले. मठामंदिरांच्या आणि घराण्यांच्या रुमालांत बांधून पडलेली कविता मासिकाच्या वर्गणीत घरी येऊ लागली.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र संस्कृतचे. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि मुंबईचे काशिनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. पोथ्या मिळवायच्या, पाठ ताडून पाहायचे आणि आजवर न छापलेले काव्य, नाटक, अलंकारशास्त्राचा ग्रंथ हप्त्याहप्त्याने काढायचा, असा हा उपक्रम होता. १८८९ मध्ये याच छापखान्यातून सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ याच दोघांच्या संपादनाखाली निघाला. १८९१ मध्ये काव्यमालेत आनंदवर्धनाचा ‘ध्वन्यालोक’ अभिनवगुप्ताच्या टीकेसह छापला गेला. भारतीय काव्यविचारात या ग्रंथाचे स्थान काय आहे, हे निराळे सांगायला नको. जेमतेम शिकलेल्या एका टाइप घासणाऱ्याच्या छापखान्यातून हा ग्रंथ विद्वानांच्या हाती गेला. शास्त्र कोणी वाचावे आणि कोणी हाताळावे याविषयी कडक समजुती असलेल्या त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती. जावजींनी त्याविषयी गाजावाजा केला नाही. पुस्तक स्वस्त ठेवले, शुद्ध ठेवले आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होणार नाही अशा अक्षरांत छापले.

‘शुद्ध’ हा शब्द इथे दोन अर्थांनी घ्यावा लागेल. पाठ शुद्ध असणे हे पंडिताचे काम. अक्षर शुद्ध असणे हे मुद्रकाचे. मराठीतले एक साधे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द एका रेघेने वेगळे होतात. पहिल्यात गुरूंना काही दिले जाते, दुसऱ्यात स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. ‘य’च्या आधी येणारी ती आडवी, पापणीसारखी रेघ हिंदीला आणि संस्कृतला लागत नाही, मराठीला मात्र तिच्यावाचून चालत नाही. मराठी छापायचे तर हा खिळा खणात ठेवावाच लागे. तो नसला तर गुरू आणि आचारी यांच्यात फरक उरत नसे.

निर्णयसागर टाइपाने आणखी एक गोष्ट केली, तिची नोंद सहसा घेतली जात नाही. त्या काळी देवनागरीचे एकच वळण नव्हते. कलकत्त्याकडे आणि उत्तरेकडे काही अक्षरे निराळ्या घाटाची छापत. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ ही त्यांतली ठळक. तिकडच्या जुन्या ‘ण’चा तर ‘रा’ असा भास होई. मुंबईकडची वळणे वेगळी होती. मुंबईच्या फाउंड्र्यांचे खिळे विकत घेणारे छापखाने दूरदूर पसरले, मुंबईत छापलेले संस्कृत ग्रंथ काशी-जयपूरच्या पंडितांच्या हाती गेले, आणि त्यांच्याबरोबर मुंबई वळणाची अक्षरेही गेली. पुढे स्वातंत्र्यानंतर हिंदीसाठी प्रमाण अक्षरे ठरली, तेव्हा ‘अ’, ‘झ’, ‘ण’ ही मुंबई वळणाची स्वीकारली गेली. याचे सारे श्रेय एका छापखान्याला देणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही त्या प्रवासात कोलभाट लेनमधल्या शिशाच्या खिळ्यांचा वाटा मोठा होता.

जावजी १८९२ मध्ये निवर्तले. आयुष्य अवघे त्रेपन्न वर्षांचे लाभले. त्यांच्यामागे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी छापखाना सांभाळला आणि नंतरच्या काळात मुखपृष्ठांवर पांडुरंग जावजी हे नाव दिसू लागले. काव्यमाला थांबली नाही. जावजींच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, भरताचे ‘नाट्यशास्त्र’ तिच्यातून निघाले. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारखे व्यासंगी संपादक पुढे निर्णयसागरला लाभले. देशोदेशींच्या संस्कृत अभ्यासकांच्या लेखनात ‘एनएसपी’ ही तीन आद्याक्षरे निर्णयसागर प्रतीची खूण म्हणून रुळली.

खिळ्यांच्या संख्येचा प्रश्न मात्र जावजींबरोबर संपला नाही. वर्तमानपत्रांना वेग हवा होता आणि पाचशे खण वेगाच्या आड येत होते. लोकमान्य टिळकांनी १९०४ च्या सुमारास या प्रश्नात लक्ष घातले आणि सुमारे १९० खिळ्यांत देवनागरी बसविण्याची योजना आखली. ‘केसरी’ चालविणाऱ्या संपादकाला जोडाक्षरांच्या तुकड्यांचा हिशेब करत बसावे लागले, यावरून अडचण किती गंभीर होती, हे ध्यानात येते. १९३० च्या दशकात हरि गोविंद गोविल यांच्या प्रयत्नांतून देवनागरीची लायनोटाइप आली. या यंत्राला कळा नव्वदच. त्यामुळे अक्षरांचे आणखी तुकडे पाडणे ओघाने आले, आणि यंत्रावर जुळलेले मराठी चटकन ओळखू येऊ लागले. त्यात निर्णयसागरची ठेवण राहिली नव्हती. वेगासाठी हा सौदा वर्तमानपत्रांनी पत्करला. तो टाळता आला असता, असे त्या काळच्या यंत्रांकडे पाहता वाटत नाही.

संगणक आला तेव्हा सुरुवातीला हीच कथा पुन्हा घडली. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवून फाँट तयार झाले. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एका फाँटमध्ये जिथे ‘क’ होता, तिथे दुसऱ्यात वेलांटी. सन २००० च्या आगेमागे मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे पाहणाऱ्यांना हे चांगले आठवत असेल. आधी त्या पत्राचा फाँट उतरवून घ्यायचा. नाहीतर पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा काला दिसायचा. जुळाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक छापखान्याने पेटीतले खण आपापल्या मर्जीने मांडले होते आणि दुसऱ्याच्या पेटीवर हात चालत नव्हता.

त्यावर तोडगा निघाला तो जावजींच्या पद्धतीच्या जवळ जाणारा. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळाला आणि त्यात फक्त मूळ अक्षरे, स्वरचिन्हे, हलन्त, अंक अशा गोष्टी ठेवल्या गेल्या. ‘क्ष’ला स्वतंत्र क्रमांक नाही. मजकुरात तो ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असा तीन क्रमांकांनी साठवला जातो. म्हणजे भाषा एका जागी आणि अक्षराचा आकार दुसऱ्या जागी, अशी वाटणी झाली. लेखकाने काय लिहिले हे युनिकोड सांगते. त्यासाठी कोणता खिळा उचलायचा, हे फाँट सांगतो.

पडद्यावर मजकूर रेखाटणारा प्रोग्राम हे काम पायरीपायरीने करतो. फाँटच्या आत एक तक्ता असतो. क्रमांक द्यायचा आणि त्याच्या समोरचा आकार शोधायचा; या आकाराला ग्लिफ म्हणतात. इंग्रजीचे काम बहुतांशी इथेच संपते. देवनागरीसाठी मग दुसरा तक्ता उघडावा लागतो. ‘क’, हलन्त, ‘ष’ हे तीन आकार लागोपाठ आले तर ते काढून त्यांच्या जागी ‘क्ष’चा एकच आकार ठेवा, असे नियम त्यात असतात. ‘कि’मधली वेलांटी उच्चारात ‘क’नंतर येते, पण रेखाटताना तिला उचलून आधी ठेवावे लागते. रफार मागून पुढे जाऊन शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. वेलांटीची कमान किती रुंद हवी, हेही खालच्या अक्षरावर अवलंबून असते, म्हणून चांगल्या फाँटमध्ये एकाच वेलांटीचे अनेक आकार ठेवलेले असतात. सगळे आकार ठरले की अनुस्वार, उकार यांच्या जागा तिसऱ्या तक्त्यातून काढायच्या आणि शेवटी बाह्यरेषा भरून पडद्यावर ठिपके रंगवायचे. आकार तक्त्यात सापडलाच नाही तर फाँटमधला पहिला, शून्य क्रमांकाचा ग्लिफ दाखवला जातो. तोच तो रिकामा चौकोन.

हार्फबझसारख्या मुक्त प्रणाली हे काम आता निमूटपणे करतात, त्यामुळे मोबाइलवर मराठी लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पण एखादा प्रोग्रामर घाईत दुसरा तक्ता उघडायला विसरला आणि एका क्रमांकाला एक आकार एवढ्यावरच थांबला, की नकाशावर, खेळात किंवा जाहिरातीच्या फलकावर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेलेली आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. कोणत्याही मोठ्या शहरात असे फलक शोधायला लांब जावे लागत नाही. फाँटमध्ये अक्षर असते. खणापर्यंत हात मात्र पोचलेला नसतो.

या नव्या खिळ्यांचे कारागीरही मुंबईचेच निघाले. आयआयटी मुंबईत अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ फाँट विंडोज २००० बरोबर जगभरच्या संगणकांवर गेला. जोशी यांचे निधन २००८ मध्ये झाले. पडद्यावरच्या त्या अक्षरांत शिशाचा कण नव्हता. शिरोरेषेला शिरोरेषा भिडविण्याचे काम मात्र तेच होते.

राहिला प्रश्न मराठी वळणाचा. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांच्या बाबतीत मुंबईचे वळण देशभर चालले, पण ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी व मराठी रूपे वेगळीच राहिली. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून मराठीसाठीची रूपे निश्चित केली. युनिकोडमध्ये मात्र ‘ल’ला एकच क्रमांक आहे, तो हिंदी की मराठी, हे तो क्रमांक सांगत नाही. त्यासाठी फाँटमध्ये भाषेनुसार आकार बदलण्याचा आणखी एक तक्ता भरावा लागतो आणि मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामला कळवावे लागते. अनेक फाँटमध्ये हा तक्ता आहे, अनेकांत नाही, आणि जिथे आहे तिथेही तो उघडला जाईलच असे नाही.

‘आचाऱ्यांना’मधली ती पापणीसारखी रेघ मात्र शाबूत आहे. द्रविड भाषांतल्या ‘र’च्या एका निराळ्या उच्चारासाठी युनिकोडने खाली टिंब असलेल्या ‘र’ला स्वतंत्र जागा दिली होती. त्या अक्षराला हलन्त जोडून पुढे ‘य’ लिहिला की मराठीची रेघ उमटावी, असा नियम केला गेला. मराठीखेरीज फारच थोड्या भाषांना लागणारा हा ग्लिफ देवनागरीचा फाँट करणाऱ्या प्रत्येकाला आज आपल्या तक्त्यात ठेवावा लागतो.